उशिराचं कारण

पहाटे पावणेतीनला फरवानियाच्या वॉर्डातून फोन.
लिझम्मा एवढंच म्हणते, "डॉक्टर, लाल."
मी केस बांधते, निघते.
बाहेर धूळ, दिव्यांभोवती जात्यातल्या पिठासारखी,
आणि चाळीस अंश. रात्रीचे.

नळी आत जाते. पडद्यावर अन्ननलिका,
तळाशी निळसर शिरा, सुंभासारखा पीळ घेतलेल्या.
यकृत दगड झालं की रक्त वाट बदलतं,
बांध घातलेला ओढा शेवटी कुणाच्यातरी अंगणातून जातो
तसं.
एकेक शीर टोपीत ओढते, रबर सोडते.
सहा काळी रबरं,
मसाल्याच्या पुडीला वाणी लावतो त्याहून बारीक.
एवढ्यावर माणूस तरतो. कधी कधी.

सकाळी तक्ता.
वय. बिलिरुबिन. प्लेटलेट्स. उलटी ते नळी, किती तास.
बारा तासांच्या आत आला तर काय, नंतर आला तर काय,
बेचाळिसाव्या दिवशी आहे की नाही.
हा माझा अभ्यास. तीन वर्षं, दोनशे अकरा ओळी.
प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस, असं म्हणायची पद्धत आहे.
मला भरताना ओळच दिसते,
खोटं कशाला बोलू.

क्रमांक सत्तावन्न. पोशेट्टी, निजामाबादकडचा,
रस्त्यावर डांबर ओततो.
विचारलं, शौचाला काळं होत होतं का, डांबरासारखं?
हसला.
"अम्मा, माझं सगळंच डांबरासारखं. नखं बघा, थुंकी बघा.
कशावरून ओळखू?"
उलटी ते नळी: एकतीस तास.

क्रमांक एकशे चार. शहाता, गिलावा करतो.
लहानपणी नाईलच्या फाट्यात डुंबला,
पाण्यातला किडा कातडीतून शिरला,
अंडी यकृतात साठत गेली.
दारूला कधी शिवला नाही,
तरी फोनवर बायकोला शपथा घालत होता,
रक्त ओकल्यावर सगळे आधी तेच विचारतात म्हणून.

आराखड्यात नव्हता असा एक रकाना मी घुसडला:
उशिराचं कारण.
बद्रिया आकडेमोड बघते. म्हणाली, याला क्रमांक दे,
एक अंतर, दोन अज्ञान, तीन पैसा,
नाहीतर संगणक खाणार नाही.
मी दिले नाहीत. तिथे अजून असं आहे:
पाळी संपायची होती.
सिव्हिल आयडीची मुदत गेली होती.
कंपनीची गाडी शुक्रवारीच येते.
वाटलं, बीट खाल्लं होतं.
मुलीचं ठरलं होतं.

आणि उम्म मिशाल, खाट नऊ, पोट पखालीसारखं फुगलेलं,
नातवाला जवळ ओढून म्हणते, "चब्दी."
बद्रियाने अर्थ सांगितला: माझं यकृत.
इकडे माया तिथेच राहते म्हणे.
लेकराला तर यकृताचा तुकडाच म्हणतात.

मी इस्लामपूरच्या मटणाच्या दुकानात उभी, नऊ वर्षांची,
हातात पितळी डबा, आणि बाबूलाल विचारतोय,
"ताई, काळीज घालू का थोडं?"
हेच घालायचा तो. तपकिरी, गुळगुळीत, हेच.
बोलता बोलता आपण त्याला छातीत डावीकडे नेऊन ठेवलं,
ते मात्र उजव्या बरगड्यांखालीच राहिलं,
काळजाचा तुकडा म्हणताना
कुणी तिकडे हात नेत नाही.
बद्रियाला हे सांगायला गेले तर भाषांतरच करावं लागेना.

आज पोशेट्टीचा बेचाळिसावा.
(शहाताच्या रकान्यात एकोणीस लिहून झालंय.)
फोन वाजतो, वाजतो, मग रोलरचा खडखडाट.
"अम्मा, कामावर आहे."
गोळ्या घेतोस का? त्या निळ्या, दोन वेळा?
"नंतर करतो, अम्मा, फोरमन..."
कट.

लिहिते: आहे.
उशिराच्या रकान्यात त्याचं कारण कोरंच,
विचारायचं राहिलं होतं.
आता पुन्हा लावला तर फोरमन बघेल.